२०१ मीटरच्या वेळेवरून ४०२ मीटरची वेळ कशी काढायची?

सड्यावरचा_पोरगा
११ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, माझ्या मामाचा आंब्याचा कॅनिंगचा कारखाना आहे. मेच्या मध्यापर्यंत तो बंदच असतो. फाटकापासून शेडपर्यंत ३५० मीटर सरळ काँक्रीटचा रस्ता आहे, फाटकाला कुलूप असतं, आत गुरं नाहीत की माणसं नाहीत. मामाच्या परवानगीने रविवारी पहाटे तिथे माझी पल्सर एनएस २०० पळवतो. आधी खराट्याने अख्खा रस्ता झाडतो, कारण जांभ्याची तांबडी भुकटी मागच्या टायरखाली आली की गाडी जागच्या जागी चाक फिरवते.

फेब्रुवारीत घाटावरच्या एका धावपट्टीवर रीतसर परवानगीची ड्रॅग स्पर्धा आहे, म्हणजे उभ्यापासून निघून सरळ रेषेत कमीत कमी वेळात अंतर कापायचं. नाव दिलंय. तिथलं अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. माझ्याकडे पळायला २०१ मीटरच आहेत, उरलेले दीडशे थांबायला लागतात.

१० हर्ट्झचा (सेकंदाला दहा नोंदी करणारा) जीपीएस लावून पाच फेऱ्यांची सरासरी काढली:
१०० मीटर: ७.० सेकंद, वेग ताशी ७९ किमी
२०१ मीटर: ११.१ सेकंद, वेग ९८

सगळे सांगतात की अर्ध्या अंतराच्या वेळेला १.५७ने गुणा. ११.१ गुणिले १.५७ म्हणजे १७.४३. हे खरं मानायचं का? मला आकडा फुशारकीसाठी नको आहे. स्पर्धेच्या दिवशी दोनच फेऱ्या मिळणार आहेत. त्या कशा झाल्या हे कळायला आधी अंदाज तरी नीट हवा.

---

चिपळूण_गॅरेज
११ जानेवारी, रात्री १०.१५

१.५७ बरोबर आहे. अमेरिकेत कितीतरी ट्रॅक फक्त २०१ मीटरचे आहेत, तिथल्या लोकांना पाव मैलाचा अंदाज रोजच लागतो, त्यातून हा आकडा आलाय. गाडीप्रमाणे १.५४ ते १.५८. मी वीस वर्षं हाच वापरतोय.

पण तुझ्या ११.१ मध्ये एक गोष्ट राहिली. ड्रॅगच्या ट्रॅकवर घड्याळ गाडी हलल्या क्षणी सुरू होत नाही. पुढचं चाक प्रकाशाच्या किरणावर उभं असतं. ते किरण सोडून पुढे गेलं की घड्याळ चालू. म्हणजे साधारण ३० सेंटीमीटर फुकट मिळतात. थोडेच वाटतात, पण गाडी तेव्हा जवळजवळ उभी असते, म्हणून तेवढ्याला ०.३ सेकंद जातो. तुझा जीपीएस पहिल्या हालचालीपासून मोजतो. ०.३ वजा कर. १०.८ गुणिले १.५७ बरोबर १६.९६.

---

सड्यावरचा_पोरगा
११ जानेवारी, रात्री १०.२२

म्हणजे सतरा सेकंदांच्या आत! दादा, आज झोप लागणार नाही.

---

मालवणचो_झील
११ जानेवारी, रात्री १०.३१

बा देवा म्हाराजा, ह्या पोराक सतराच्या आत येवंदे आणि दोन्ही चाकांवर घराक येवंदे.

---

चिपळूण_गॅरेज
११ जानेवारी, रात्री १०.३३

व्हय म्हाराजा!

---

फिजिक्सवाली
१२ जानेवारी, सकाळी ७.०५

आनंदावर पाणी टाकायचं नाहीये, पण १६.९६ धरून जाऊ नकोस. मला तो आकडा पटत नाही. का ते सांगते.

गाडीचा प्रवेग शेवटपर्यंत सारखाच राहिला असता, तर दुप्पट अंतराला १.४१ पट वेळ लागला असता. म्हणजे दोनचं वर्गमूळ. पण प्रवेग सारखा राहत नाही, कारण इंजिनाची ताकद ठरलेली असते आणि वेग वाढेल तसं तीच ताकद कमी ढकलते. ताकद स्थिर धरून गणित केलं तर अंतर दुप्पट झाल्यावर वेळ १.५९ पट होते आणि वेग १.२६ पट.

आता १.५७ हा आकडा या दोघांच्या मधे का येतो? मोठ्या ताकदीच्या गाड्या सुरुवातीला टायरच्या पकडीने अडतात. तेवढा भाग 'सारखा प्रवेग'वाला असतो, म्हणून गुणक १.५९च्या खाली उतरतो. तुझी गाडी साडेतेवीस पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती). पकडीने ती फार तर पहिल्या गिअरमध्ये अडेल. उलट शंभरच्या पुढे हवा तिला जड जाते, तिथे गुणक १.५९च्या वर चढतो. दोनशे सीसीच्या दुचाकीला आठ सिलिंडरच्या अमेरिकन व्ही-एट मोटारीचा गुणक लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणं.

आणखी एक. पहिल्या पोस्टमधला १७.४३ हा आकडा खऱ्याच्या जास्त जवळ असू शकेल, पण तो दोन चुका एकमेकींना खाऊन आलेला असेल. ११.१ जास्त होता आणि १.५७ कमी.

---

चिपळूण_गॅरेज
१२ जानेवारी, सकाळी ९.५०

ताई, वहीतलं गणित आणि रस्ता यांत फरक असतो. माझ्याकडे तयार झालेल्या गाड्या १.५७वर बसल्या आहेत.

---

फिजिक्सवाली
१२ जानेवारी, सकाळी १०.१०

दादा, त्या चारचाकी होत्या की दुचाकी?

---

चिपळूण_गॅरेज
१२ जानेवारी, दुपारी १.३०

बहुतेक चारचाकी. दुचाकी दोनच, आरडी ३५०.

---

पीटीचे_सर
१२ जानेवारी, दुपारी ४.१५

विषय गाड्यांचा आहे, तरी राहवत नाही. मुलांना मैदानावर हेच समजावतो. उसेन बोल्टचा १०० मीटरचा विक्रम ९.५८ आणि २०० मीटरचा १९.१९, दोन्ही २००९ सालचे, बर्लिनचे. भागाकार करा, २.००३ येतो. पहिल्या शंभरात उभ्यापासून वेग घ्यावा लागतो, पुढच्या शंभरात तो आयता मिळतो. पण माणूस दमतो आणि वळणही असतं, म्हणून दोन्ही शंभर जवळपास सारखे पडतात. गुणक धावणाऱ्याच्या अंगात असतो, अंतरात नसतो.

---

रेवदंड्याचे_अण्णा
१२ जानेवारी, रात्री ८.४०

सर अगदी मनातलं बोललात. आमच्या अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात ओहोटीला पुळणीवर बैलगाड्यांच्या शर्यती व्हायच्या, तेव्हा मी वडिलांबरोबर लहानपणापासून जायचो. वडील म्हणायचे, अर्ध्यातली जोडी बघून पैसे लावणारा घरी चालत जातो. एखादी जोडी पहिल्या अर्ध्यात वाऱ्यासारखी जाते आणि ओल्या पुळणीवरून जरा भुसभुशीत भागात शिरली की खुरं रुततात. दुसरी जोडी मागून येते, शांत, एकसारखी पावलं टाकत, आणि निशाणाच्या आधी दहा हात पुढे.

२०१४च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली तेव्हा आमच्या दावणीला चार जनावरं होती. २०२१च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. त्या मधल्या वर्षांत वडील गेले. जोडी विकली नाही मात्र.

माफ करा, भरकटलो. पोरा, तुझ्या गाडीचा दुसरा अर्धा कसा आहे ते शोध.

---

सड्यावरचा_पोरगा
१२ जानेवारी, रात्री ९.०५

अण्णा, माफी कसली, अजून लिहा. पण दुसरा अर्धा बघायला माझ्याकडे रस्ताच नाही ना. पावसकडे जाणारा रस्ता रात्री मोकळा असतो, मित्र म्हणतो तिथे एकदाच...

---

खाडीपलीकडे
१२ जानेवारी, रात्री ९.२०

नाही. एकदाच पण नाही.

माझा चुलतभाऊ असाच 'एकदाच' म्हणून रात्री खाडीच्या पुलाजवळ गेला होता. अंधारात बसलेली गाय दिसली नाही. तो वाचला, पण डावा पाय आजही नीट वाकत नाही. आठ वर्षं झाली. त्याच्या आईने अजून त्या रस्त्याने जाणं टाकलंय.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेस तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळेस वर्षभर किंवा दहा हजार. 'चाचणी' हा शब्द लक्षात घे.

आणि थांबायचं गणित कर. पाव मैलाच्या शेवटी ताशी ११८चा वेग धर, म्हणजे सेकंदाला जवळपास ३३ मीटर. कोरड्या चांगल्या काँक्रीटवर जोरात ब्रेक मारले तरी नव्वद मीटर जातात, भानावर यायला एक सेकंद धरला तर आणखी तेहतीस. भुकटीवर याच्या दुप्पट धर. अमेरिकेत सर्वांत वेगवान वर्गांचं अंतर २००८ साली पाव मैलावरून १००० फुटांवर आणलं ते याच कारणाने. त्या जूनमध्ये न्यू जर्सीत एंगलिशटाउनला स्कॉट कॅलिटा गेला, गाडी रेषेपलीकडे थांबू शकली नाही.

---

सड्यावरचा_पोरगा
१२ जानेवारी, रात्री ९.४५

नाही जाणार. मित्रालाही तुमचा निरोप वाचून दाखवला. मनापासून आभार.

---

चिरेबंदी
१३ जानेवारी, सकाळी ६.५०

मी गवंडीकाम करतो. दोन प्रश्न. २०१ मीटर कशाने मोजलेस? आणि रस्ता समपातळीत आहे हे कशावरून? सडा डोळ्याला सपाट दिसतो पण सपाट कधीच नसतो. पावसाचं पाणी कुठे वाहतं ते बघितलंस तरी कळेल.

पाण्याची नळी घे. आम्ही जोत्याची पातळी काढतो तीच, पारदर्शक, पंधरा मीटर लांब. आत पाणी भर, बुडबुडा एकही राहू देऊ नकोस. एक टोक पहिल्या खुणेच्या काठीला, दुसरं पुढच्या खुणेला. पाणी स्थिर झालं की दोन्ही काठ्यांवर पाण्याची रेघ मार. काठीच्या बुंध्यापासून रेघेपर्यंतच्या उंचीतला फरक वहीत. मग मागचं टोक पुढे. तेरा-चौदा वेळा करावं लागेल, दोघं असलात तर तासाभराचं काम.

---

समुद्रकाठची
१३ जानेवारी, सकाळी ११.३०

वाऱ्याचं कोणीच बोललं नाही! आपल्याकडे जानेवारीत पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, मंद. अकरानंतर खारा वारा सुटतो आणि दुपारी चांगलाच भरतो. तू पहाटे कोणत्या दिशेने पळतोस? पश्चिमेकडे पळत असशील तर मतलई तुला पाठीमागून ढकलतोय.

समोरून ताशी १५चा वारा असेल तर ११०च्या वेगाला हवेचा विरोध सव्वापटीहून जास्त होतो. पहिल्या अर्ध्यात हे फारसं जाणवत नाही, कारण तिथे हवेचा वाटाच लहान. दुसऱ्या अर्ध्यात सगळं तिथेच जातं. स्पर्धेच्या दिवशी धावपट्टीवर वाऱ्याची पिशवी लावलेली असेल, तिच्याकडे बघ.

---

सड्यावरचा_पोरगा
१९ जानेवारी, सायंकाळी ६.१५

मंडळी, आज दिवसभर हेच केलं.

टेपने मोजलं. माझी जुनी खूण १९९.६ मीटरवर होती, ती हलवली. जीपीएसचं अंतर त्याचं तो मोजतो, पण खूण डोळ्यासमोर हवी.

चिरेबंदी काका, नळी लावली. बहिणीने दुसरं टोक धरलं. पहिल्यांदा बुडबुडा राहिला आणि चार खुणांचं काम फुकट गेलं, परत केलं. २०१ मीटरमध्ये रस्ता शेडच्या दिशेने ८० सेंटीमीटर उतरतो! मला आयुष्यात कधी जाणवलं नव्हतं. उलट्या दिशेने पळता येणार नाही, कारण तिकडे शेवटी फाटक आहे.

वारा: मी उत्तर-दक्षिण पळतो, त्यामुळे मतलई आडवा येतो. आज पानही हलत नव्हतं.

वेळा त्याच आल्या. ७.० आणि ११.१, वेग ७९ आणि ९८.

---

फिजिक्सवाली
१९ जानेवारी, रात्री ८.५०

किती सुंदर काम केलंस! बहिणीलाही शाबासकी सांग.

आधी उतार. ८० सेंटीमीटर खाली येण्यातून मिळणारी ऊर्जा काढली तर ९८मधला फार तर १ किलोमीटर उताराचा आहे. म्हणजे सपाटीला ९७. वेळेत फरक काही शतांश सेकंदांचा, सोडून दे.

आता उसना गुणक टाकून देऊ. तुझा गुणक तुझ्याच आकड्यांत आहे. १०० मीटरला ७९, २०१ला ९८. अंतर दुप्पट झालं आणि वेग १.२४ पट झाला. ताकद स्थिर आणि हवा नसती तर १.२६ झाला असता. म्हणजे हवेने, उतार धरूनही, आपला वाटा घ्यायला सुरुवात केलीये. पुढच्या दुपटीत ती जास्त घेणार. १.२१ धरते. ९८ गुणिले १.२१ म्हणजे ११८ आणि वर थोडं.

दुसऱ्या अर्ध्यातला सरासरी वेग ९८ आणि ११८च्या मधे, १०८. आणि सोपी युक्ती: २०१ मीटरला लागणारे सेकंद म्हणजे ७२४ भागिले ताशी वेग. ७२४ भागिले १०८ बरोबर ६.७.

१०.८ अधिक ६.७ म्हणजे १७.५.

हे समुद्रसपाटीला, पहाटेच्या गार हवेत. स्पर्धा घाटावर आहे. लोणावळ्याच्या बाजूला सहाशे मीटरच्या वर उंची आहे, तिथे हवा सहा-सात टक्क्यांनी विरळ. त्यात दुपारचं ऊन. इंजिनाला तेवढी कमी हवा, तेवढी कमी ताकद. मात्र वेळ ताकदीच्या घनमुळाने बदलते, म्हणून ताकद दहा टक्के घटली तर वेळ साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढते, आणि विरळ हवा विरोधही कमी करते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. १७.५ ते १७.९ धर. १६.९६ विसर.

---

चिपळूण_गॅरेज
१९ जानेवारी, रात्री ९.३०

ताई, पटलं. माझ्याकडून एकच भर. पोरा, २०१च्या खुणेवर तू कितव्या गिअरमध्ये असतोस?

---

सड्यावरचा_पोरगा
१९ जानेवारी, रात्री ९.३४

तिसरा, काटा लाल रेषेला टेकलेला.

---

चिपळूण_गॅरेज
१९ जानेवारी, रात्री ९.४८

मग तुझा पुढचा गिअर २०१ची खूण ओलांडल्यावर पडणार. तुझ्या मोजणीत तो आलाच नाही. तो नीट पडला तर ठीक, चुकला तर दुसऱ्या अर्ध्यात पाव सेकंद गेला. घरी असताना चौथा टाकायचा सराव कर, १८० मीटरला टाकून बघ.

आणि कोणी मागचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) मोठं करायला सांगेल, ऐकू नकोस. सड्यावर २०१ला वेळ सुधारेल, मन खूश होईल. घाटावर शेवटच्या शंभर मीटरमध्ये आणखी एक गिअर टाकावा लागेल किंवा इंजिन ओरडत राहील. लहान अंतरासाठी लावलेली गाडी मोठ्या अंतराचा अंदाज हमखास चुकवते. आणि निघताना पहिले साठ फूट सांभाळ, तिथे गेलेला दशांश शेवटी तेवढाच नाही, वाढून येतो.

---

मालवणचो_झील
२० जानेवारी, सकाळी ८.००

आधी ब्रेक बघ, मगे टायम बघ. बाकी सगळा ह्या लोकांनी सांगितल्यानी.

---

सड्यावरचा_पोरगा
१७ फेब्रुवारी, रात्री ११.१०

घरी पोचलो. दोन्ही चाकांवर.

मामा, बहीण आणि मी पहाटे आंबा घाट चढून गेलो, गाडी टेम्पोत. दुपारी साडेबाराला पहिली फेरी. ऊन कडक, वाऱ्याची पिशवी जवळजवळ लोंबत होती. निघताना हात घामाने ओले, क्लच एकदम सुटला, चाक फिरलं आणि चौथा गिअर अर्धवट पडला. १८.०४. खाली मान घालून परत आलो.

दुसरी फेरी अडीचला. बहीण म्हणाली, नळीत बुडबुडा राहिला होता तसं समज, परत लाव. क्लच हळू सोडला. चौथा १८० मीटरला, दादांनी सांगितलं तसा. चिठ्ठी समोर ठेवून लिहितोय:

२०१ मीटर: १०.९८
४०२ मीटर: १७.७१
शेवटचा वेग: ११६

---

फिजिक्सवाली
१८ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

दुसरा अर्धा ६.७३! आपण ६.७ धरला होता. डोळ्यांत पाणी आलं खरंच.

चूक झाली ती पहिल्या अर्ध्यात, १०.८च्या जागी १०.९८, ती उंची आणि ऊन. तुझा खरा गुणक १७.७१ भागिले १०.९८, म्हणजे १.६१. त्याच १०.९८ला १.५७ने गुणलं असतं तर १७.२४ आलं असतं. ०.४७ सेकंदाचा फरक, ११६च्या वेगाला पंधरा मीटर.

---

चिपळूण_गॅरेज
१८ फेब्रुवारी, सकाळी ९.१५

अभिनंदन रे! पंधरा मीटर म्हणजे सात-आठ गाड्या एकामागे एक. माझ्या वहीत १.५७च्या पुढे 'मोठ्या गाड्या' असं लिहिलं आणि खाली '२०० सीसी, १.६१, सड्यावरचा पोरगा'. आरडीवाल्यांना परत बोलावून मोजणार आहे.

---

रेवदंड्याचे_अण्णा
१८ फेब्रुवारी, सकाळी १०.००

पोरा, पहिली फेरी बिघडल्यावर दुसरी शांतपणे काढलीस, ते मला तुझ्या आकड्याहून मोठं वाटलं. बहिणीला माझा आशीर्वाद.

---

चिरेबंदी
१८ फेब्रुवारी, दुपारी १.२०

नळी उन्हात ठेवू नकोस, कडक होते.

---

खाडीपलीकडे
१८ फेब्रुवारी, रात्री ८.०५

चुलतभावाला हा धागा वाचायला दिला. त्याच्याकडे जुनी आरएक्स १३५ ही टू-स्ट्रोक दुचाकी आहे, अपघातानंतर धूळ खात पडलेली. म्हणतो, पुढच्या वर्षी धावपट्टीवरच जायचं, मी बरोबर असणार. आमच्या वाडीत १२० मीटरच जागा आहे, तीही आतली, फाटकवाली. त्यावरून अंदाज निघेल का?

---

फिजिक्सवाली
१८ फेब्रुवारी, रात्री ८.२०

१२० मीटर पळायला की थांबण्यासकट? थांबण्यासकट असेल तर ५० मीटरच पळा. २५ आणि ५० मीटर, दोन्ही ठिकाणचे वेग टाका, नुसती वेळ नको. पण त्यातून पुढच्या दुपटीचाच अंदाज नीट येईल, तिथून ४०२पर्यंत अजून दोन दुपटी लागतात. आणि टू-स्ट्रोकची ताकद आवर्तनांच्या वरच्या टोकाला एकदम येते, त्यामुळे ५० मीटरवर ती गाडी अजून जागी झालेली नसेल. कुठेतरी परवानगीचे दोनशे मीटर शोधा.

---

सड्यावरचा_पोरगा
१८ फेब्रुवारी, रात्री ८.३१

मामाला विचारलं. कॅनिंग मेच्या मध्यावर सुरू होतं, तोपर्यंत कधीही या म्हणतो. खराटा आणि नळी इथे आहे. हेल्मेट, जाकीट आणि गुडघ्याची ढाल मात्र दोघांची हवीच, त्याशिवाय तो फाटक उघडत नाही.